पेनड्राइव्ह कोणत्या टीव्हीला लागणार आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात तुम्ही लग्न शूट केलं, ४के कॅमेऱ्यावर. मिक्सिंग (एडिटिंग) करून तीन तासांचा व्हिडिओ झाला. फाइल लहान होते असं कुणीतरी सांगितलं म्हणून एच.२६५ निवडलं, बाकी ‘मॅच सोर्स’ ठेवलं, म्हणजे कॅमेऱ्यासारखंच. लॅपटॉपने नऊ तास घेतले, फाइल निघाली २८ जीबीची. ती ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये कशीबशी बसली, पण नवरीच्या बापाच्या टीव्हीवर ‘फॉरमॅट नॉट सपोर्टेड’. दहा मिनिटांचा हायलाइट यूट्यूबवर टाकला तर धुरकट. आता त्यांचे रोज फोन येतात, आणि तुम्ही विचारता की एक्सपोर्टचं, म्हणजे तयार फाइल काढायचं, सगळ्यात बेस्ट सेटिंग कोणतं.

भाऊ, असं एकच सेटिंग नसतं. मी वैनगंगेच्या या बाजूला, ब्रह्मपुरीकडे, व्हीएचएसच्या जमान्यापासून हेच काम करतो. आमच्याकडे म्हातारी माणसं अजूनही ‘शूटिंगवाले भाऊ, आमची क्यासेट कवा देता जी?’ असंच विचारतात. कॅसेटच्या काळात एक सुख होतं. ज्याच्या घरी व्हीसीआर, त्याच्या घरी कॅसेट चालायची, विषय संपला. आता एकच लग्न नवरीच्या घरी सात वर्षांपूर्वीच्या टीव्हीवर, नवरदेवाच्या घरी नव्या टीव्हीवर, मामाच्या मोबाइलवर आणि पुण्यातल्या भावाच्या लॅपटॉपवर बघितलं जातं. म्हणून मी ऑर्डर घेतानाच विचारतो: टीव्ही कोणता, किती इंची, किती जुना? जमलं तर टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढून आणतो. लोक हसतात. हसू द्या.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. एका गावात मी लग्नाचा पेनड्राइव्ह घेऊन गेलो होतो. अंगणात सतरंजी टाकलेली, शेजारपाजारचे पंधरावीस जण बसलेले, पोहे झालेले. टीव्हीवर आवाज आला आणि चित्र नाही. मंगलाष्टका ऐकू येतात, पडदा काळा! एक आजी म्हणाली, ‘बाप्पा, हे त रेडिओच झाला.’ त्या दिवसापासून पेनड्राइव्ह देण्याआधी मी घरच्या जुन्यात जुन्या टीव्हीला लावून बघतो. तो टीव्ही मी मुद्दाम विकलेला नाही.

आता तुमच्या फाइलकडे. टीव्हीवर फाइलचं नाव दिसलं, पण उघडली नाही, असं तुम्ही लिहिलंय. ही महत्त्वाची खूण आहे. नाव दिसलं म्हणजे टीव्हीने पेनड्राइव्ह वाचला, आतला माल त्याला पचला नाही. नावच दिसलं नसतं तर दोष बहुधा पेनड्राइव्हच्या फॉरमॅटिंगचा असता. दोन्ही आजार वेगळे आणि औषधंही वेगळी. पण ग्राहक दोन्ही वेळेला एकच वाक्य बोलतो: ‘चालत नाई.’

माल म्हणजे कोडेक, चित्र दाबून साठवायची पद्धत. एमपी४ हे नुसतं पोतं आहे. आत बारीक एचएमटी तांदूळ आहे की जाडा, हे पोत्यावरून कळत नाही. एमपी४मध्ये एच.२६४ असू शकतं तसंच एच.२६५ही असू शकतं. एच.२६४ हे २००३ सालचं मानक. आज वापरात असलेले टीव्ही, मोबाइल, सेट-टॉप बॉक्स, बहुतेक सगळ्यांना ते उलगडता येतं. एच.२६५ हे २०१३ सालचं. तेवढ्याच दर्जाला ते कमी जागा घेतं हे खरं, पण ते उलगडायला टीव्हीच्या आत तशी चिप लागते. स्वस्तातल्या आणि जुन्या टीव्हींत ती बऱ्याचदा नसते. तुमचा कॅमेरा १०-बिट, म्हणजे रंगांच्या जास्त बारीक छटा, रेकॉर्ड करत असेल आणि एक्सपोर्टही १०-बिट झालं असेल, तर मग विचारायलाच नको. ग्राहकाच्या पेनड्राइव्हसाठी माझ्याकडे एच.२६४, ८-बिट, प्रोफाइल हाय, बस्स. एच.२६५ मी माझ्या साठवणीसाठी वापरतो, दुसऱ्याच्या टीव्हीसाठी नाही.

‘लेव्हल’ नावाचा एक रकाना असतो, फाइल उलगडायला किती ताकद लागेल ते सांगणारा. त्याकडे कुणी बघत नाही. १०८०पीला २५ किंवा ३० फ्रेम असतील तर लेव्हल ४.१ पुरते. ५० किंवा ६० फ्रेमला ४.२ लागते, आणि ४केला ५.१. जुन्या टीव्हीची धाव बहुतेक ४.१पर्यंतच. म्हणून १०८०पी आणि ५० फ्रेमची फाइल एच.२६४ असूनही एखाद्या टीव्हीवर अडखळते, आणि आपण बसतो पेनड्राइव्हला शिव्या देत.

रिझोल्यूशनचं तर आपण उगाच डोक्यावर घेतलंय. गावातल्या घरात ३२ इंची टीव्ही असतो आणि त्यातले बहुतेक ‘एचडी रेडी’, म्हणजे १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचे. तुम्ही ३८४० बाय २१६०ची फाइल दिली तरी टीव्ही ती दाबून ७६८ ओळींतच दाखवणार. म्हणजे नऊ तास लॅपटॉप तापवून तुम्ही जे ठिपके तयार केले, ते त्या घरात कुणाला दिसणारच नव्हते. ४केवर शूट जरूर करा. क्रॉप करता येतं, ४केवरून १०८०पीवर उतरवलेलं चित्र जास्त रेखीव दिसतं. द्यायचं मात्र १०८०पी. ग्राहकाने ‘४के पाहिजे’ म्हणून पैसे मोजले असतील तर ४के फाइल वेगळी द्या, टीव्हीची वेगळी.

आता बिटरेट. सगळा खेळ इथे आहे, आणि प्रश्न सगळे रिझोल्यूशनचे येतात. दर सेकंदाला चित्रासाठी किती माहिती खर्च करायची, तो आकडा म्हणजे बिटरेट. तो एमबीपीएसमध्ये, म्हणजे मेगाबिटमध्ये असतो, आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. एक मिनिट म्हणजे ६० सेकंद, ६० भागिले ८ म्हणजे साडेसात. म्हणून माझा हिशेब एका ओळीत बसतो: मिनिटं गुणिले एमबीपीएस गुणिले ७.५, उत्तर एमबीमध्ये. १८० मिनिटं, १० एमबीपीएस: १३,५०० एमबी, म्हणजे साडेतेरा जीबी. हा हिशेब मी कॉम्प्युटरच्या मागच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय. उलटाही चालतो. तुमची २८ जीबी फाइल १८० मिनिटांची, म्हणजे सरासरी २१ एमबीपीएसच्या आसपास. ४के एच.२६५ला हा आकडा वाईट नव्हता. चूक आकड्यात नाही, ती फाइल कुठे जाणार होती त्यात आहे.

१०८०पी, २५ फ्रेम, दिवसाचं लग्न, चांगला उजेड असेल तर ८ ते १० एमबीपीएस पुष्कळ झाले. ‘व्हीबीआर टू पास’, म्हणजे कमी-जास्त होणारा बिटरेट, मिळत असेल तर तो घ्या. त्यात सॉफ्टवेअर एकदा सगळा व्हिडिओ बघून घेतं, मग दुसऱ्या फेरीत शांत ठिकाणी कमी आणि धावपळीच्या ठिकाणी जास्त बिट वाटतं. आहेराच्या रांगेत माणसं येतात, पाकीट देतात, फोटो काढतात, तिथे चित्र फारसं बदलत नाही. वरातीत डीजेसमोर नाचणारी पोरं, उडणारा गुलाल, फिरणारे लाइट, तिथे प्रत्येक फ्रेम नवीन. सीबीआर, म्हणजे सगळीकडे एकच बिटरेट, ठेवलं तर दोन्हींना सारखाच वाटा मिळतो, म्हणजे आहेरात बिट वाया आणि वरातीत चौकटी चौकटी. टार्गेट १० ठेवलं तर मॅक्झिमम १६ ठेवा. मॅक्झिमम ५० ठेवून उपयोग नाही, जुन्या टीव्हीची यूएसबी तिथे धापा टाकते.

मग ४ जीबीचा फास. एफएटी३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हमध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसतच नाही. मोठ्या ड्राइव्हवर विंडोज १०० जीबी रिकामे दाखवतं आणि तरी म्हणतं, फाइल फार मोठी आहे. नवे लोक इथेच गोंधळतात. एक्सएफएटी किंवा एनटीएफएस केलं की मोठी फाइल बसते, पण जुन्या टीव्हींपैकी बरेच ते फॉरमॅट वाचत नाहीत. मी एफएटी३२च ठेवतो आणि लग्नाचे भाग पाडतो. ४५ मिनिटं गुणिले १० गुणिले ७.५ म्हणजे ३,३७५ एमबी, आवाज धरूनही ४ जीबीच्या आत. भाग मोजून पाडू नका, विधी बघून पाडा: हळद, वरात-मांडव, लग्न, पंगत-बिदाई. लोकांनाही ते सोयीचं. आजीला फक्त लग्न लागताना बघायचं असतं, तिला पुढे सरकवत बसायला लावू नका. फाइलची नावं ‘०१’, ‘०२’ अशी आकड्याने सुरू करा आणि मागे रोमन अक्षरांत विधीचं नाव टाका. काही टीव्ही देवनागरी नावांऐवजी चौकोन दाखवतात. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला एफएटी३२चा पर्याय दिसत नाही, म्हणून मी १६ आणि ३२ जीबीचेच घेतो.

तुम्ही पुढे लिहिलंय की दिवाळीनंतर नाटकांची शूटिंग घ्यायची आहेत. मग इथे जरा थांबूया, कारण झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकाने मला एक्सपोर्ट शिकवलं, लग्नांनी नाही.

मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, त्याला लागून रात्रीचं नाटक. वडसा गावच्या नाटक मंडळी येतात, रात्री दहाला पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. पाच-सहा तासांचं रेकॉर्डिंग. मागे गडद पडदे, पुढे लाल-निळे लाइट, आणि अंधारामुळे आपण कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, चढवलेला. आयएसओ चढला की चित्रात दाणे येतात. दाणा म्हणजे एन्कोडरचा शत्रू, कारण दर फ्रेमला तो जागा बदलतो आणि सॉफ्टवेअरला वाटतं, काहीतरी हललं. मग नटाच्या चेहऱ्याला जायचे बिट मागच्या काळ्या पडद्यातल्या दाण्यांवर खर्च होतात. ८ एमबीपीएसला सकाळच्या लग्नात नथीतला मोती दिसतो, आणि त्याच ८ला रात्रीच्या नाटकात खलनायकाची मिशी गायब होते. नाटकाला मी १४ ते १६ ठेवतो. सहा तास म्हणजे ३६० मिनिटं गुणिले १५ गुणिले ७.५, साडेचाळीस जीबी. मंडळीवाल्यांना एवढं नको असतं. त्यांच्यासाठी आधी दाणे पुसणारा हलका डीनॉइज लावून १० वर काढतो. डीनॉइज लावलं की एक्सपोर्टचा वेळ दुपटीच्या पुढे जातो, हे हिशेबात धरा आणि तसे पैसे सांगा. जास्त लावलं तर नट मेणाचे दिसतात.

लाल रंगाची गोष्ट वेगळी. एच.२६४मध्ये आपण जे ४:२:० काढतो, त्यात उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची असते, पण रंगाची चार ठिपक्यांमागे एकच. लाल लाइटखाली लाल शालू नेसलेली नायिका उभी राहिली की काठ फुटल्यासारखे दिसतात, आणि बिटरेट वाढवून ते फारसं सुधरत नाही. लाल रंगाचं सॅचुरेशन एडिटिंगमध्येच थोडं उतरवा. त्याहून बरं म्हणजे लाइटवाल्याशी नाटकाआधी चहा प्या.

आणि नाटक यूट्यूबवर टाकायचं असेल तर मंडळीला विचारून टाका. त्या नाटकाचे पुढे प्रयोग असतात, त्यांचं पोट त्यावर आहे.

फ्रेम रेट एकदाच ठरवा, तोही शूटिंगच्या आधी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. म्हणून कॅमेरा २५ फ्रेमवर, शटर १/५० किंवा १/१००. घोळ होतो तो मोबाइलमुळे. नवरदेवाच्या मित्राने मोबाइलवर काढलेलं वरातीचं फुटेज ३० फ्रेमचं, आणि तेही चंचल, कधी २९, कधी ३०, कधी अंधारात २४. ते २५च्या टाइमलाइनवर टाकलं की सहातली एक फ्रेम गळते आणि चाल हिसके देते, शिवाय लांब क्लिपमध्ये आवाज ओठांच्या पुढे-मागे होतो. एक्सपोर्टच्या खिडकीत ३० निवडून हे दुरुस्त होत नाही. उलट तुमच्या कॅमेऱ्याच्या दर पाच फ्रेमनंतर एक दुबार येते आणि सगळंच लग्न हिसके देतं. मोबाइलचं फुटेज आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ करून घ्या, मग टाइमलाइनवर आणा. हँडब्रेक फुकट आहे.

जुना हँडीकॅम अजून वापरत असाल तर तो १०८०आय देतो, म्हणजे इंटरलेस्ड, एकाआड एक ओळींचं चित्र. एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आपल्यापैकी बऱ्याच जणांचे प्रोजेक्ट अजून तसेच सेट असतात. टीव्हीवर चालून जातं, मोबाइलवर नाचणाऱ्यांच्या हाताला फणीचे दात दिसतात. एक्सपोर्ट करताना प्रोग्रेसिव्ह निवडा आणि डीइंटरलेस चालू आहे ना, ते बघा.

नव्या आयफोनचं फुटेज आलं तर आणखी एक. ते एचडीआर, म्हणजे जास्त उजेड-अंधार टिपणारं, असतं आणि साध्या टाइमलाइनवर नवरीचा चेहरा पांढराफटक दिसतो. फोनमध्येच एचडीआर बंद करायला सांगा. येऊन पडलंच असेल तर रेक.७०९ या साध्या टीव्हीच्या रंगमानकात बदलून मगच वापरा.

यूट्यूबच्या धुरकटपणाकडे येतो. हायलाइट टाकल्यावर किती वेळाने बघितला? यूट्यूब आधी कमी रिझोल्यूशनची प्रत तयार करतं, १०८०पी आणि ४केच्या प्रती नंतर येतात. कधी तासाभराने, कधी त्याहून जास्त. आपण अपलोड झाल्या झाल्या लिंक पाठवतो आणि पाहुणे ३६०पीमध्ये नवरी बघतात. ‘अनलिस्टेड’ टाका, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल, थांबा, दर्जाच्या यादीत १०८०पी दिसलं की मग लिंक द्या. अर्धी तक्रार तिथेच संपते.

उरलेली अर्धी बिटरेटची. यूट्यूब स्वतः १०८०पीला २५-३० फ्रेमसाठी ८ एमबीपीएस आणि ४केला ३५ ते ४५ सुचवतं. तुम्ही काहीही द्या, ते पुन्हा दाबतंच. म्हणून मी १०८०पीला १२ ते १५ देतो, दाबायला जरा चांगला माल मिळावा म्हणून. ४के टाकलेल्या व्हिडिओला यूट्यूब चांगला कोडेक वापरतं, त्यामुळे १०८०पीवर बघणाऱ्यालाही तो जास्त स्वच्छ दिसतो, हे खरं आहे. पण आपल्याकडचा अपलोड बघा. दहा मिनिटांचा ४के हायलाइट ४० एमबीपीएसला ३,००० एमबी होतो. २ एमबीपीएसचा अपलोड मिळत असेल तर तीन तास वीस मिनिटं, तेही मध्ये रेंज गेली नाही तर. तोच १०८०पी १२ एमबीपीएसला ९०० एमबी, एका तासात. मी ४के हायलाइट ब्रह्मपुरीच्या मित्राच्या फायबरवरून टाकतो. गावातून टाकायचा तर १०८०पी. पंधरा मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ टाकायचा असेल तर चॅनल मोबाइल नंबरने व्हेरिफाय केलेलं लागतं, तेवढं आधी करून ठेवा.

व्हॉट्सॲपसाठी जास्त डोकं लावू नका. व्हिडिओ म्हणून पाठवला की ते दाबतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की २ जीबीपर्यंत जसाच्या तसा जातो. स्टेटससाठी उभी क्लिप लागते, १०८० बाय १९२०. ती एक्सपोर्टमध्ये आकार बदलून करायची नसते, नाहीतर नवरा-नवरी दोघंही काडीसारखे होतात. वेगळी टाइमलाइन करा आणि प्रत्येक शॉट पुन्हा बसवा.

स्वागत समारंभात एलईडी पडदा लावतात, त्यावरही लोक ४के मागतात. पी४ पडदा म्हणजे दोन ठिपक्यांत ४ मिलिमीटर. बारा फूट रुंदी म्हणजे साधारण ३,६६० मिलिमीटर, भागिले ४, आडवे ९१५ ठिपके. झालं. १०८०पी नेऊन द्या, आणि पडदेवाल्याच्या लॅपटॉपवर आधी चालवून बघा.

आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ, ३२० केबीपीएस, स्टीरिओ. डीजेचा आवाज आधीच फुटलेला असेल तर एक्सपोर्ट त्याला शिवू शकत नाही.

नऊ तासांचं कारण तुमचा लॅपटॉप नाही, वैशाख आहे. आपल्याकडे लग्नसराई आणि ४५ अंश एकाच महिन्यात येतात. प्रोसेसर तापला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. दुपारी नऊ तास लागणारं काम पहाटे बरंच लवकर होतं, करून बघा. लॅपटॉपखाली दोन पट्ट्या ठेवून तो उचला. कुलरच्या अगदी समोर ठेवू नका, हवेबरोबर पाण्याचे तुषार येतात. माझा एक कीबोर्ड त्यातच गेला. ग्राफिक्स कार्ड असेल तर हार्डवेअर एन्कोडिंग चालू करा, वेळ खूप वाचतो. त्याच बिटरेटला दर्जा किंचित कमी येतो, म्हणून मी तिथे १० ऐवजी १२ ठेवतो.

आणि लाइन, म्हणजे वीज. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका, कोणती फ्रेम कुठे आहे ती यादी, बहुतेक वेळा शेवटी लिहिली जाते. ९५ टक्क्यांवर लाइन गेली तर आधीचे ९५ टक्के डिस्कवर असूनही फाइल उघडत नाही. म्हणून सहा तासांचं नाटक मी एका दमात कधीच काढत नाही, तास-तासाचे तुकडे रांगेत लावतो. गेला तर एक तुकडा जातो. एक्सपोर्ट थेट पेनड्राइव्हवरही करू नका. आधी हार्ड डिस्कवर, मग कॉपी, मग ‘इजेक्ट’.

साठवणीचं थोडक्यात. हायलाइटसारख्या छोट्या कामाचा मास्टर, म्हणजे मूळ प्रत, मी प्रोरेस या कमी दाबणाऱ्या कोडेकमध्ये ठेवतो. अख्ख्या नाटकाला ते परवडत नाही: प्रोरेस ४२२ला १०८०पी २५ फ्रेमवर १२२ एमबीपीएसच्या आसपास लागतात, सहा तासांचे ३२९ जीबी. तिथे एच.२६४, ३५ एमबीपीएस, आणि पुढच्या सगळ्या प्रती त्यावरून. ग्राहकाला दिलेल्या ८ एमबीपीएसच्या फाइलवरून पुन्हा प्रत काढणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स.

आता तुमची २८ जीबीची फाइल. पुन्हा एडिटिंगमध्ये जाऊन नऊ तास घालवू नका, ती फाइल चांगली आहे, तीच मास्टर समजा. हँडब्रेकमध्ये उघडा. ‘फास्ट १०८०पी३०’ प्रीसेट घ्या. व्हिडिओच्या पानावर एच.२६४ निवडा, १०-बिट लिहिलेलं नाही, साधं. फ्रेम रेट ‘सेम ॲज सोर्स’ आणि कॉन्स्टंट. प्रोफाइल हाय, लेव्हल ४.१. सरासरी बिटरेट ८,००० केबीपीएस, मल्टी-पास चालू. वर ‘रेंज’मध्ये सेकंद निवडता येतात: ० ते २७००, २७०० ते ५४००, ५४०० ते ८१००, ८१०० ते १०८००, चार भाग, प्रत्येकी २,७०० एमबीच्या आसपास. आकडे तसेच टाकू नका, आधी बघून घ्या, नाहीतर एक भाग ‘शुभमंगल’वर संपेल आणि ‘सावधान’ दुसऱ्या फाइलमध्ये जाईल. चारही रांगेत लावा आणि रात्री दहाला सुरू करा. सकाळी फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो सॉफ्टवेअरमध्ये एक फाइल उघडून बघा, तिथे एव्हीसी (एच.२६४चंच दुसरं नाव), हाय, ४.१ आणि ८ बिट दिसलं पाहिजे. मग १६ जीबीच्या एफएटी३२ पेनड्राइव्हवर घ्या, आणि फोन न करता थेट नवरीच्या घरी जा. चौथ्या फाइलची शेवटची दोन मिनिटं त्यांच्याच टीव्हीवर लावून बघा. ती चालली तर आधीच्या तिन्ही चालतील. नाही चालली तर तिथूनच टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढून मला पाठवा.